काळजातली भिंत

माझे दादा हकीम होते. जळगावहून भुसावळच्या रस्त्याला लागलं की दहाएक किलोमीटरवर आमचं नशिराबाद. तिथं घराच्या पुढच्या खणात त्यांचा मतब भरायचा. बसायला एक तख्त, फडताळात चिनी मातीच्या बरण्या, एक पितळी खलबत्ता आणि कोपऱ्यात किताबांची लाकडी पेटी. एवढाच पसारा. केळीच्या बागेतून आलेला मजूर असो की बाजाराला आलेला पाटील, दादा आधी त्याला दम खाऊ देत, पाणी विचारत. मग मनगटावर चार बोटं टेकवून डोळे मिटत. आम्हा पोरांना वाटे, दादांना झोप लागली. पण ते नब्ज वाचत असत.

कधी म्हणत, ही नब्ज मुंगीसारखी चालते. कधी म्हणत, ही हरणासारखी उडी मारते. या उपमा दादांच्या स्वतःच्याच, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. मोठेपणी कळलं की त्या हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. इब्ने सीना (980-1037) यांच्या 'अल-कानून फित्-तिब' या ग्रंथात नाडी पारखण्याच्या दहा कसोट्या दिल्या आहेत. त्यात हरणाची नाडी आहे, मुंगीची आहे, लाटेची आहे, करवतीच्या दात्यांची आहे, उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होत जाणारीही आहे. बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या माणसाचे शब्द खानदेशातल्या एका गल्लीत मजुराच्या मनगटापर्यंत पोचले होते.

हे सगळं आठवण्याचं कारण माझी नात. ती जळगावच्या युनानी कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तिला दोन विषय आहेत. एक तश्रीह, म्हणजे शरीराची रचना. दुसरा मुनाफेउल आज़ा, म्हणजे अवयव कशासाठी आहेत आणि ते काय काम करतात याचं शास्त्र. यालाच आज मराठीत शरीरक्रियाविज्ञान म्हणतात.

गेल्या बकरी ईदला वाटे झाल्यावर तिनं बकऱ्याचं दिल मागून घेतलं. तिची आई ओरडली, "अगं, ते शिजवायचंय!" पण पोरगी ऐकते कसली. थाळीत ठेवून तिनं ते उभं चिरलं आणि मला हाक मारली. "नाना, हा उजवा कप्पा, हा डावा. मधला हा पडदा बघा." मग झाडूची एक काडी घेऊन तिनं ती पडद्यावर ठिकठिकाणी टोचून पाहिली. वर बारीक खळगे होते, पण काडी कुठंच आरपार जाईना. ती म्हणाली, "जालीनूस म्हणाला होता की इथं भोकं आहेत. इब्ने नफीस म्हणाले, नाहीत. नानांच्या दादांच्या किताबांत काय लिहिलं होतं? भोकं असलेलं की नसलेलं?"

मला उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही, ते शेवटी सांगतो. आधी त्या पडद्याची हकिकत सांगितली पाहिजे. शरीरक्रियाविज्ञानाचा निम्मा इतिहास त्या बोटभर जाड भिंतीभोवती फिरतो.

*

जालीनूस म्हणजे ग्रीक वैद्य गेलन. इ. स. 129 च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामम शहरात त्याचा जन्म झाला. माणसाचं प्रेत चिरण्याची सोय त्याला नव्हती, म्हणून त्यानं माकडं आणि डुकरं चिरली. तो नुसता पुस्तकी माणूस नव्हता. जिवंत डुकराच्या गळ्यातली एक बारीक नस कापली की त्याचं ओरडणं बंद होतं, हे त्यानं लोकांसमोर करून दाखवलं. धमन्यांत हवा असते असं त्याच्या आधीचे काही विद्वान म्हणत. त्यानं धमनीला दोन ठिकाणी दोरा बांधून मधला भाग उघडला आणि आत रक्तच आहे हे सिद्ध केलं. अवयव काय करतो हे कल्पनेनं न सांगता करून पाहायचं, ही या शास्त्राची सुरुवात त्याच्याकडे जाते.

पण रक्त कुठून येतं आणि कुठं जातं, इथं तो चुकला. त्याच्या मते अन्नाचं रक्त यकृतात बनतं. म्हणजे खाटकाच्या दुकानात आपण जिला कलेजी म्हणतो तिथं. गंमत अशी की मराठीतला 'काळीज' हा शब्दही मुळात यकृताचाच, पण आपण तो सर्रास हृदयासाठी वापरतो. या दोन अवयवांची सरमिसळ फार जुनी आहे.

तर यकृतातलं हे रक्त नीलांमधून अंगभर जातं आणि अवयव ते खर्चून टाकतात. शेताला पाटाचं पाणी द्यावं तसं. पाणी जमिनीत मुरतं, परत येत नाही. मग प्रश्न उरला की हृदयाच्या डाव्या कप्प्यात, जिथून धमन्या निघतात, तिथं रक्त येतं कसं? जालीनूसनं उत्तर दिलं की मधल्या पडद्याला न दिसणारी बारीक छिद्रं आहेत, त्यांतून ते उजवीकडून डावीकडे झिरपतं. खळगे तर त्यानं पाहिलेच होते. छिद्रं दिसली नव्हती, पण ती असल्याशिवाय त्याचा हिशेब जुळत नव्हता.

नवव्या शतकात हे सारं ज्ञान बगदादला अरबीत आलं. ते आणणाऱ्यांमध्ये सर्वात मोठं नाव हुनैन इब्ने इसहाक (809-873) यांचं. जालीनूसच्या शंभराहून अधिक ग्रंथांची यादी त्यांनी करून ठेवली आहे. त्यातले कितीतरी त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी भाषांतरित केले. हुनैन ख्रिस्ती होते. खलिफांच्या दरबारात त्यांचा धर्म आड आला नाही.

हे विद्वान नुसते हमाल नव्हते, हेही सांगायला हवं. अबू बक्र राज़ी यांनी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला जालीनूसवरच्या आपल्या शंकांचा एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गुरूविषयी आदर ठेवूनही त्याच्या चुका दाखवता येतात, ही त्यांची भूमिका. पण पडद्याच्या बाबतीत इब्ने सीनांनीही जालीनूसचीच री ओढली.

*

अलाउद्दीन इब्ने नफीस दमिश्कच्या परिसरातले. जन्म 1210 च्या आसपासचा. नूरुद्दीन झंगी यांनी बांधलेल्या नूरी इस्पितळात ते शिकले, पुढे काहिऱ्याला गेले. तिथं ते वैद्य होते आणि शाफई फिकहचे आलिमही होते. हदीस, व्याकरण, तर्कशास्त्र यांवरही त्यांनी लिहिलं. इब्ने सीनांच्या 'कानून'मध्ये विखुरलेला शरीररचनेचा भाग एकत्र करून त्यावर त्यांनी एक भाष्य लिहिलं. त्याची 1242 सालची हस्तलिखित प्रत आज उपलब्ध आहे. म्हणजे त्या वेळी ते तिशीच्या आसपास होते.

या भाष्यात ते स्पष्ट सांगतात की हृदयाचा मधला पडदा जाड आणि घट्ट आहे. त्याला दिसणारी छिद्रं नाहीत आणि जालीनूस म्हणतो तशी न दिसणारीही नाहीत. मग डावीकडे रक्त येतं कसं? ते उजव्या कप्प्यातून एका वाहिनीनं फुप्फुसात जातं, तिथं हवेशी मिसळतं आणि दुसऱ्या वाहिनीनं डाव्या कप्प्यात येतं. दुसरा रस्ता नाही. त्या दोन वाहिन्यांच्या मध्ये बारीक मार्ग असले पाहिजेत, असंही त्यांनी म्हटलं. जगाच्या इतिहासात फुप्फुसातल्या अभिसरणाचं हे पहिलं ज्ञात वर्णन आहे.

त्याच ग्रंथात ते असंही लिहितात की शरीअत आणि मनातली दया यांमुळे आपण चिरफाडीपासून दूर राहिलो. यावर विद्वानांत वाद आहेत. काहींना वाटतं, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय इतकं ठामपणे लिहिता येणार नाही. काही म्हणतात, तर्कानं आणि दुसऱ्यांच्या निरीक्षणांवरून ते इथवर पोचले. मला त्या थाळीतलं दिल आठवतं. ज्या समाजात वर्षातून एकदा घरोघरी कुर्बानी होते, तिथं जनावराचं हृदय कुणी पाहिलं नसेल असं नाही. हजारो लोकांनी ते पाहिलं असेल. प्रश्न पाहण्याचा नव्हता. हजार-अकराशे वर्षांचा ग्रंथ एकीकडे आणि आपल्या अकलेला पटलेलं दुसरीकडे, यात कशावर विश्वास ठेवायचा, हा होता.

1288 साली काहिऱ्यात त्यांचं निधन झालं. आपलं घर आणि सगळा ग्रंथसंग्रह त्यांनी सुलतान कलावूनच्या नव्या इस्पितळाला देऊन टाकला होता.

*

काही वर्षांपूर्वी एका जलशात एका वक्त्याला मी ऐकलं. ते तावातावानं म्हणाले, "रक्ताभिसरणाचा शोध आपला! तो हार्वेनं चोरला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. नंतर वाचत गेलो तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

खरी हकिकत अशी आहे. आंद्रेआ अल्पागो हा इटालियन वैद्य सुमारे तीस वर्षं दमिश्कमध्ये राहिला होता. इब्ने नफीस यांच्या लेखनाचा एक भाग त्यानं लॅटिनमध्ये आणला आणि तो 1547 मध्ये व्हेनिसला छापला गेला. पण तो भाग मुख्यतः मिश्र औषधांचा होता. पुढे 1553 मध्ये स्पेनचा मायकेल सर्व्हेटस आणि 1559 मध्ये पादुआत शिकवलेला रेआल्दो कोलोम्बो यांनी रक्त फुप्फुसातून जातं असं लिहिलं. त्यांना इब्ने नफीस यांची कल्पना कानावरून कळली होती की त्यांनी ती स्वतंत्रपणे मांडली, याचा पक्का पुरावा आजवर मिळालेला नाही. मग चोरीचा आरोप कोणत्या तोंडानं करायचा?

सर्व्हेटसनं तर हे एका धर्मविषयक ग्रंथात लिहिलं होतं. त्या ग्रंथातल्या मतांसाठी त्याला जिनिव्हात 27 ऑक्टोबर 1553 रोजी जिवंत जाळलं. त्या ग्रंथाच्या आज जगात तीनच प्रती उरल्या आहेत.

विल्यम हार्वे (1578-1657) याचं काम याहून निराळं आहे. इब्ने नफीस यांनी फुप्फुसाचा फेरा सांगितला, पण रक्त यकृतात बनतं आणि अंगात जिरतं ही जुनी कल्पना त्यांच्याकडे शाबूत होती. हार्वेनं ती मोडली. तीही अगदी दुकानदारासारखा हिशेब करून. एका ठोक्याला हृदय किती रक्त फेकतं याचा त्यानं मुद्दाम कमीत कमी अंदाज धरला आणि त्याला ठोक्यांच्या संख्येनं गुणलं. अर्ध्या तासाचा आकडाच इतका मोठा आला की तेवढं रक्त माणसाच्या खाण्यातून बनणं शक्य नव्हतं. आजच्या मापानं सांगायचं तर हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर, म्हणजे तासाला 300 लिटर रक्त ढकलतं आणि अंगात एकूण रक्त असतं 5 लिटरच्या आसपास. म्हणजे तेच रक्त फिरून फिरून येतं. पाटाचं पाणी नव्हे, रहाटाच्या पोहऱ्यांसारखं.

रक्त तपासायला गेल्यावर दंडाला रबरी पट्टी बांधतात आणि शीर फुगते. हार्वेनं नेमकं हेच केलं. फुगलेल्या शिरेवर बोट दाबून रक्त हाताकडे ढकलायला गेलं तर जात नाही, हृदयाकडे मात्र सरकतं. शिरांतल्या झडपा एकाच दिशेनं उघडतात. या झडपांचं वर्णन पादुआत त्याच्या गुरूनं, फॅब्रिशियसनं, 1603 मध्ये छापलं होतं, पण त्या कशासाठी आहेत हे गुरूला उमगलं नव्हतं. हार्वेचा ग्रंथ 1628 मध्ये निघाला. तरी एक दुवा राहिलाच होता. धमनीतून नीलेत रक्त जातं कुठून? 1661 मध्ये माल्पिगीनं सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या पाहिल्या. इब्ने नफीस यांनी बुद्धीनं ओळखलेले ते बारीक मार्ग चारशे वर्षांनी डोळ्यांना दिसले.

*

आता आपल्या मुलखाकडे येऊ. युरोपात हे घडत होतं तेव्हा आपण अंधारात होतो असं नाही. अहमदनगरला पहिल्या बुरहान निज़ामशहाच्या पदरी रुस्तम जुर्जानी नावाचे हकीम होते. त्यांनी 'ज़खीरा-ए-निज़ामशाही' हा वैद्यकाचा मोठा ग्रंथ फारसीत लिहिला. याच निज़ामशहावर उपचार करायला गोव्याहून पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता येत असे. ओर्ताचं इथल्या औषधींवरचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यात छापलं गेलं. यहुदी घराण्यातला पोर्तुगीज, इराणी हकीम आणि दख्खनी वैद्य एकाच दरबारात एकमेकांशी वाद घालत होते. पण हे बोलणं औषधांपुरतं राहिलं. हृदय चिरून पाहू, रक्त मोजून पाहू, असं कुणी म्हटलं नाही.

आणि इब्ने नफीस? ते तर हिंदुस्थानात घरोघरी होते. त्यांनी 'कानून'चा जो आटोपशीर सारांश केला, तो 'मूजज़'. तो आणि त्यावरचं नफीस किरमानी यांचं भाष्य पिढ्यान्‌पिढ्या तिबच्या तालिबांनी इथं पाठ केलं. पण 'मूजज़'मध्ये शरीररचना आणि शरीरक्रिया हाच भाग त्यांनी घेतलेला नाही. परीक्षेला उपयोगी पडणारं लहान पुस्तक सगळीकडे गेलं आणि ज्यात शोध होता ते मोठं पुस्तक मागे राहिलं. नंतरच्या काही भाष्यकारांनी त्या शोधाची नोंद घेतली होती, म्हणजे तो अगदीच गडप झाला नव्हता. पण नोंद घेणं वेगळं आणि तिच्या मागे लागणं वेगळं. हार्वेसारखा पट्टी बांधून बसणारा, हिशेब मांडणारा कुणी त्या नोंदीला मिळाला नाही.

1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं. नवं शरीरक्रियाविज्ञान आपल्याकडे आलं ते इंग्रजीतून, परकं होऊन. विसाव्या शतकात मात्र आपली माणसं त्यात घेणारी न राहता देणारी झाली. डॉ. बा. भा. दीक्षित यांनी 1934 मध्ये ॲसिटिलकोलीन हा पदार्थ मेंदूत पोचला की झोपेसारखी अवस्था येते यावर निबंध प्रसिद्ध केला. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले.

दुसरी हकिकत तर आपल्या फार जवळची आहे. हकीम अजमल खान (1868-1927) यांनी दिल्लीत तिब्बिया कॉलेज उभारलं. 1921 मध्ये त्याचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झालं. जुन्या औषधी नव्या रसायनशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहाव्यात, हा हकीमसाहेबांचा ध्यास. त्यासाठी जर्मनीत शिकून आलेले सलीमुज्जमाँ सिद्दीकी तिथं संशोधनाला लागले. 1931 मध्ये त्यांनी सर्पगंधेच्या मुळातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं अजमलीन. हकीमसाहेब तोवर हयात नव्हते.

हीच सर्पगंधा, हकिमांची असरोल, मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील या पारशी हृदयरोगतज्ज्ञाच्या हाती आली. नब्ज आता बोटांवरून यंत्रावर गेली होती. 1896 मध्ये रीव्हा-रोच्चीनं दंडाला बांधायचा पट्टा काढला होता आणि 1905 मध्ये कोरोत्कोव्हनं त्याखालचा आवाज ऐकून रक्तदाब मोजायची रीत सांगितली होती. वकिलांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधा दिली, रोजचे आकडे टिपले आणि 1949 मध्ये ते ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. तेव्हा जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन काढण्यात आलं. आधुनिक वैद्यकातल्या रक्तदाबाच्या पहिल्या प्रभावी औषधांपैकी ते एक. पुढे त्यानं काही रुग्णांना उदासी येते असं दिसलं आणि त्याहून चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. तेही रीतीला धरूनच झालं. जे तपासून घेतलं, ते तपासूनच सोडलं.

दादा ज्या नाड्यांना 'कडक' म्हणत, त्यांतल्या काही रक्तदाबाच्या असाव्यात असं मला आता वाटतं. त्यांच्या बोटांना ते कळत होतं. पण ते कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं.

*

आता नातीच्या प्रश्नाचं उत्तर. दादा गेल्यानंतर ती पेटी बरीच वर्षं माळ्यावर पडून होती. मी तेव्हा तरुण शिक्षक होतो, विज्ञान शिकवत होतो, सुधारणेचं वारं अंगात होतं. हकिमी म्हणजे मागासलेपण, असं माझं ठाम मत. फारसी तर मला येतच नव्हती आणि उर्दूही शाळेपुरती. 1987 च्या उन्हाळ्यात घराला रंग काढला तेव्हा मी ती पेटी रद्दीवाल्याला दिली. किताबं किलोवर गेली. त्यांत 'मूजज़' होतं का, दादांनी समासात काही लिहिलं होतं का, भोकं असलेलं होतं की नसलेलं, मी एक पानही उघडून पाहिलं नाही. पितळी खलबत्ता तेवढा ठेवला, कारण त्याला किंमत होती.

1924 मध्ये मुहियुद्दीन तातावी नावाचा इजिप्शियन तरुण डॉक्टर जर्मनीत फ्रायबुर्गला प्रबंध लिहीत होता. बर्लिनच्या ग्रंथालयात त्याला इब्ने नफीस यांच्या त्या भाष्याचं हस्तलिखित मिळालं. त्यानं ते वाचलं आणि रक्ताभिसरणाचा इतिहास नव्यानं लिहावा लागला. काहिऱ्यात राहणारे जर्मन विद्वान मॅक्स मायरहोफ यांनी तो शोध पारखून जगापुढे मांडला. हे सगळं शक्य झालं कारण कुणीतरी ती पानं सांभाळली होती, त्यांची सूची केली होती, आणि एक माणूस असा निघाला ज्याला ती भाषा येत होती आणि शरीरशास्त्रही येत होतं.

ही दोन्ही माझ्या नातीला येऊ लागली आहेत. मला एकच आलं आणि दुसऱ्याची मी रद्दी केली. आपल्या पूर्वजांनी काय शोधलं याच्या टाळ्या मीच वाजवल्या होत्या आणि माझ्या स्वतःच्या पूर्वजाची पेटी मीच विकली होती.

मी तिला हे सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "नाना, गावात आणखी कुणाच्या घरी असतील ना अशा पेट्या?" गेले दोन रविवार आम्ही दोघं नशिराबादच्या जुन्या घरांतून विचारत फिरतो आहोत. एका घरी माळ्यावर कसरीनं खाल्लेल्या तीन किताबा मिळाल्या. तिनं त्या उन्हात न ठेवता सावलीत वाळवल्या, आणि आता एकेक पान सोडवून वहीत नावं उतरवते आहे.

वाचकहो, तुमच्याही घरी अशी पेटी असेल तर ती विकण्याआधी एकदा उघडून पाहा. वाचता येत नसेल तर वाचता येणारं पोर शोधा.